दिवस कुणाच्या नावावर?

अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मी घरोघर किराणा पोचवायला लागले, त्यात धाडस वगैरे काही नव्हतं. वाशीतल्या एका क्लिअरिंग एजंटकडे मी बिलं आणि चलनं सांभाळायचे. त्यांनी ऑफिस गुंडाळलं. इकडेतिकडे अर्ज केले, तर मुलाखतीला समोर बसलेली पोरं माझ्या मुलाच्या वयाची असायची आणि मला इतक्या अदबीने ‘मॅडम’ म्हणायची की नोकरी मिळणार नाही हे तिथेच कळायचं. घरात स्कूटर होती, लायसन्स होतं. कोपरखैरण्यात आमच्या सेक्टरच्या टोकाला एका गाळ्याचं शटर सदा अर्धवट उघडं आणि बाहेर गाड्यांची ही रांग. मला ते दुकान वाटायचं. एकदा कोथिंबीर घ्यायला आत शिरले तर वॉचमनने अडवलं. “मावशी, हे स्टोअर आहे. इथे गिऱ्हाईक येत नाही.”

भरती झाली ती समोरच्या चहाच्या टपरीवर. एका पोराने माझा फोन घेतला, ॲप उतरवलं, आधार, पॅन, लायसन्स, पासबुक यांचे फोटो काढले आणि मला फोनकडे बघून डोळे मिचकवायला लावले. मी जिवंत आहे का हे ॲप तपासतं म्हणे. मग इंग्रजीतल्या अटींचं लांबलचक पान उघडलं. बिलं तपासण्यात जन्म गेलेला, मी चष्मा लावून वाचायला बसले. “मावशी, खाली जाऊन ॲग्री दाबा, नाहीतर सेशन जाईल,” पोरगा कळवळला. तरी तेवढ्यात मी कंपनीची नोकर नाही, स्वतंत्रपणे सेवा देणारी व्यक्ती आहे, इथवर माझं वाचून झालं होतं. टी-शर्ट आणि पाठीवरच्या पिशवीचे पैसे पुढच्या कमाईतून कापले जाणार होते. ॲग्री दाबलं. “अपॉइंटमेंट लेटर कधी येतं?” असं मी विचारलं, तेव्हा टपरीवरच्या सगळ्यांनी हातातला चहा खाली ठेवला.

ऑर्डर ‘पडते’. फोन किंचाळतो, आत पिकर सामान भरून पिशवी पुढ्यात टाकतो आणि घड्याळ सुरू होतं. पैसे किती मिळणार हे अंतर, वेळ, पाऊस आणि गर्दी यांवर ठरतं. याला रेटकार्ड म्हणतात आणि ते कधी बदलेल याचा नेम नसतो. वर इन्सेन्टिव्ह, म्हणजे ठरलेल्या वेळेत ठरलेल्या ऑर्डरी पूर्ण केल्या तर वरकड पैसे. माझ्या हिशोबाच्या वहीत मी त्याला ‘उमेदभत्ता’ असं नाव दिलं. लॉगिन करून रस्त्याकडेला नुसतं थांबायचं त्या वेळेचं काय, ते रेटकार्डात सापडेना. एका रात्री उमेदभत्त्याला एकच ऑर्डर कमी पडली. दुपारी मी लॉगआउट करून घरी गेले होते, कारण स्टोअरमधलं बाथरूम आतल्या स्टाफसाठी होतं. मुलं कुठे जातात ते मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

आमचे आप्पा माथाडी. पाटण तालुक्यातून मुंबईला आले, दाणाबंदरात शंभर-शंभर किलोच्या गोण्या वाहिल्या, नव्वदच्या दशकात बाजार वाशीला आला तसे तेही इकडे आले. आता ऐंशीच्या पुढे आहेत. पाठ वाकली आहे, कान मात्र शाबूत. मी नवं काम धरलं म्हटल्यावर त्यांनी अभिनंदन वगैरे न करता थेट चौकशी सुरू केली.

“टोळी कितवी?”

“टोळी नसते, आप्पा. ज्याचं त्याचं.”

“मुकादम कोण?”

“फोनात आहे.”

“हजेरी कोण मांडतं?”

“फोनच.”

“आन् भांडण झालं तर?”

“फोनात लिहायचं.”

त्यांनी माझा फोन मागून घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि परत दिला. “पीएफ?” असं विचारलं तेव्हा दूध उतू जातंय म्हणत मी आत गेले. दूध अजून फ्रिजमध्येच होतं.

पावसाळ्यात मी पडले. खड्डा पाण्याने भरलेला होता, मला तो रस्ताच वाटला. मनगट टम्म सुजलं. ॲपमध्ये ‘विमा’ असं एक बटण आहे हे मला ठाऊक होतं. नणंदेला कौतुकाने दाखवलंही होतं. ते आता पहिल्यांदा उघडलं. अपघाती मृत्यू, कायमचं अपंगत्व, दवाखान्यात दाखल व्हावं लागलं तर तिथला खर्च, असं सगळं छान मांडलेलं, आणि खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं की अपघात ऑर्डर चालू असताना झालेला हवा. माझी ऑर्डर गिऱ्हाइकाच्या दारात संपली होती आणि पुढची पडायची होती. मधल्या वेळात मी कुणाच्या कामावर होते, असं सपोर्टच्या चॅटवर विचारलं. गैरसोयीबद्दल त्यांनी खेद व्यक्त केला आणि या संभाषणाला किती स्टार द्याल, असं विचारलं. डाव्या हाताने दाबताना पाच पडले.

घरी बसल्या बसल्या बँकेचं पासबुक चाळत होते. दरवर्षी २० रुपये कापले गेल्याची नोंद दिसली. कधीतरी बँकेत कसल्याशा फॉर्मवर सही केली होती, ती प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना निघाली. अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्व आलं तर २ लाख, अंशतः अपंगत्वाला १ लाख. ऑर्डर चालू होती का, ही चौकशी तिच्यात नाही. सुजलेल्या मनगटाला तिच्यातही काही नव्हतं, म्हणून हळदीचा लेप लावला. पण पिशवीवर ज्या कंपनीचं नाव घेऊन मी गावभर फिरत होते तिच्यापेक्षा मीच न वाचता सही केलेला कागद माझ्या जास्त उपयोगाचा होता, हे जरा झोंबलं.

मी परत कामावर आले तर टपरीवरचा एक पोरगा गायब. आयडी ब्लॉक झाला होता. एका गिऱ्हाइकाने सामान मिळालं नाही म्हणून तक्रार केली, याने दारात ठेवल्याचा फोटो टाकला, तरी सकाळी ॲप उघडेना. तो टीम लीडरकडे गेला, टीम लीडर म्हणाला माझ्या हातात नाही, वर मेल टाक. मेलला आपोआप उत्तर आलं. गाडीचा हप्ता मात्र वेळेवर कापला गेला. मी मोठेपणाने म्हटलं की नोकरीवरून काढताना नोटीस द्यावी लागते, कारण दाखवावं लागतं. “मावशी, काढायला आधी ठेवलेलं पाहिजे ना,” दुसरा म्हणाला. इतका बारीक कायदा मला आमच्या ऑफिसच्या वकिलानेही कधी समजावला नव्हता.

नोव्हेंबरच्या २१ तारखेला, म्हणजे २०२५ साली, देशात चार कामगार संहिता लागू झाल्या. २९ जुने कायदे गेले, त्यांच्या जागी चार आले. टपरीवर प्रत्येकाच्या फोनात एकच मेसेज होता की आता आपल्यालाही पीएफ, पगारी सुट्टी, ग्रॅच्युइटी. मी ऑफिसात काम केलेली, शिकलेली, तेव्हा खरं काय ते मावशी वाचून सांगतील असं परस्पर ठरलं. मी चारही संहिता फोनवर उतरवल्या आणि किमान वेतनापासून सुरुवात केली. रात्री दीडपर्यंत वाचलं. किमान वेतन आमच्यासाठी नाही, कामाचे तास नाहीत, रजा नाही. तिथे सगळीकडे नोकर आणि मालक अशी जोडी लागते आणि आमच्या कागदांत मालकाची जागाच रिकामी. आम्ही सापडलो ते एकट्या सामाजिक सुरक्षा संहितेत, आणि ती तर संसदेने २०२० सालीच मंजूर केलेली. पाच वर्षं ती कपाटात होती आणि मी उगाच तिला ताजी बातमी समजत होते.

पण तिथे आम्ही आहोत, हे खरं. गिग कामगार म्हणजे मालक-नोकर या नेहमीच्या नात्याबाहेर काम करून कमावणारी व्यक्ती, अशी व्याख्या आहे. शेवटी सातवी अनुसूची आहे, तिच्यात कुठले धंदे यात येतात त्याची यादी. पहिला प्रवासी गाड्यांचा, दुसरा अन्न आणि किराणा पोचवण्याचा. तो दुसरा नंबर वाचून मला खरंच बरं वाटलं. मी स्क्रीनशॉट काढून टपरीच्या ग्रुपवर टाकला. मग कलम ११४. जीवन आणि अपंगत्व विमा, अपघात विमा, आरोग्य आणि प्रसूतीचे लाभ, म्हातारपणाची सोय, पाळणाघर. असल्या योजना केंद्र सरकार आखू शकेल. वाचून दाखवताना मी ‘शकेल’ जरा भरभर उरकलं. आप्पांनी नेमकं तेवढंच परत वाचायला लावलं.

पैसे कुठून येणार, तेही तिथेच आहे. ॲपवाल्या कंपनीने, कायद्याच्या भाषेत ‘ॲग्रिगेटर’ने, वर्षाच्या उलाढालीच्या १ ते २ टक्के द्यायचे, पण ती रक्कम तिने कामगारांना दिलेल्या पैशांच्या ५ टक्क्यांवर जायला नको. मी वहीत मांडलं की मला १०० रुपये मिळाले तर वर जास्तीत जास्त ५ रुपये. “तुझ्या नावावर?” आप्पांनी विचारलं. परत वाचलं. सामाजिक सुरक्षा निधीत, सगळ्यांचे मिळून. “मंग तुझ्या नावावर किती?” याचं उत्तर संहितेत नव्हतं. आप्पा उठले आणि माळ्यावरची ट्रंक काढ म्हणाले.

ट्रंकेत त्यांच्या बोर्डाची पुस्तकं होती. माथाडींचे नेते अण्णासाहेब पाटील यांचं नाव आमच्या घरात देवाच्या जोडीने येतं. २५ सप्टेंबरला त्यांच्या जयंतीच्या मेळाव्याला आप्पा अजून टोपी घालून जातात. पण १९६९ चा माथाडी कायदा म्हणजे नेमकं काय, हे मी जन्मात पहिल्यांदा त्या रात्री विचारलं. ज्या पैशांवर माझी फी भरली गेली त्यांच्याबद्दल ही एवढी उत्सुकता.

“आमचा एक मालक कंदी नव्हताच,” आप्पा म्हणाले. सकाळी एका गाळ्यावर तुरीची गाडी खाली करायची, दुपारी दुसऱ्याकडे साखरेची थप्पी लावायची, संध्याकाळी तिसऱ्याकडे भरणी. प्रत्येक शेठ म्हणणार, हा माझा नोकर नाही, गोणी उतरवली, पैसे घेतले, गेला. म्हणजे दिवसभर पाठीवर माल, आणि संध्याकाळी विचारलं तर कुणाचाच माणूस नाही. कायद्याने शेठला तुझा नोकर कोण असं विचारणंच सोडून दिलं. मधे बोर्ड बसवलं, त्यात सरकार, व्यापारी आणि कामगार तिघांचीही माणसं. कामगाराने बोर्डात नाव नोंदवायचं, व्यापाऱ्यानेही नोंदवायचं. मजुरी हमालाच्या हातावर न ठेवता बोर्डात भरायची आणि तिच्यावर लेव्ही, म्हणजे वरची भर. त्या लेव्हीतून पीएफ, ग्रॅच्युइटी, बोनस, रजेचे पैसे, दवाखाना. पन्नास गाळ्यांवर घाम गाळला तरी हिशोब एका पुस्तकात, एका नंबरावर. लेव्ही किती? आप्पांच्या वेळी शंभराला तिसाच्या पुढे. मी माझ्या वहीतल्या ‘५ रुपये’खाली पेनने रेघ मारली होती, ती आता फार ठळक दिसायला लागली.

तुम्ही मनाला येईल तेव्हा लॉगिन करता, आज एका ॲपवर चालता, उद्या दुसऱ्या, मग तुमची जबाबदारी नेमकी कुणाची? हा प्रश्न मी बातम्यांत, चर्चांत इतक्यांदा ऐकला होता की तो मोबाइलच्या युगाबरोबर जन्मला असं मी धरून चालले होते. शेठ लोक तोच प्रश्न दाणाबंदरात बसून विचारायचे. राजस्थानने २०२३ साली गिग कामगारांसाठी देशातला पहिला कायदा केला, त्यात नोंदणी, कल्याण मंडळ आणि प्रत्येक व्यवहारावर उपकर अशी रचना आहे. ती वाचून दाखवली तर आप्पा म्हणाले, “मंग नवीन काय केलं?” माथाडी कायद्यात कुठली कामं येतात ते मी लगेच शोधलं. माल चढवणं, उतरवणं, थप्पी लावणं, वाहून नेणं, वजन करणं. वाहून नेणं! दुसऱ्या दिवशी मी आमच्या इमारतीतल्या, बोर्डातून निवृत्त झालेल्या काकांना गाठलं आणि मी पण माथाडीच की, असं सांगितलं. त्यांनी माझ्या पाठीवरच्या रंगीत पिशवीकडे बघितलं. कायदा कुठल्या धंद्यांना लागू ते अनुसूचीत ठरतं, म्हणाले, आणि तुमचं ॲप त्या अनुसूचीत नाही. वर असंही म्हणाले की जे अनुसूचीत आहेत तेसुद्धा नोंद चुकवायला बघतात, आणि माथाडीचं नाव सांगून खंडणी उकळणारे वेगळेच. ट्रंकेतल्या पुस्तकांवरून मी जे चित्र रंगवलं होतं त्याला तिथल्या तिथे पोपडे धरले.

कर्नाटकचा कायदा मला सगळ्यात आवडला. २०२५ चा आहे. कामगाराला मिळणाऱ्या प्रत्येक पैशावर १ ते ५ टक्के कल्याण शुल्क, आणि काम बंद करायचं तर लेखी कारण आणि १४ दिवस आधी नोटीस. काम वाटणारं आणि दर ठरवणारं यंत्र कसं चालतं हेही कंपनीने सांगायचं. मी टपरीवर उभी राहून हे वाचून दाखवलं. ब्लॉक झालेला पोरगाही आला होता, त्याला मी खास पुढे बोलावलं. चौदा दिवसांपाशी पोचले तेव्हा एकाने शांतपणे विचारलं, “मावशी, मग याने काय करायचं? बेळगावला जाऊन ब्लॉक व्हायचं?”

नीती आयोगाने २०२२ साली अंदाज मांडला होता की २०२०-२१ मध्ये देशात ७७ लाख गिग कामगार होते आणि २०२९-३० पर्यंत ते २ कोटी ३५ लाख होतील. इतकी माणसं एका दिवशी थांबली तर काय होईल, अशी माझी भाबडी कल्पना होती. २०२५ च्या डिसेंबरात, २५ आणि ३१ तारखेला, संघटनांनी बंद पुकारला. दहा मिनिटांची डिलिव्हरी बंद करा, कारण न देता आयडी ब्लॉक करू नका, दर नीट द्या, अशा मागण्या. ३१ तारखेला मी ॲप उघडलंच नाही, म्हणजे चालवायला नाही, नुसतं बघायला उघडत होते. अंधार पडला तसा उमेदभत्त्याचा आकडा वर चढत गेला. असा आकडा मी गणपतीतही पाहिला नव्हता. साडेदहाला बेल वाजली. आमच्या चिरंजिवांनी बर्फ आणि सोडा मागवला होता. दारात आमच्याच टपरीवरचा पोरगा. आम्ही एकमेकांना हॅपी न्यू इयर म्हणालो आणि मी दार लावून घेतलं. जानेवारीत केंद्रीय कामगारमंत्री कंपन्यांशी बोलल्यावर जाहिरातींतली ‘दहा मिनिटं’ पुसली जाऊ लागली. आमच्या स्टोअरमध्ये फोन किंचाळतो तो पूर्वीच्याच सुरात.

त्याच डिसेंबरअखेर केंद्राने नियमांचा मसुदा काढला आणि मला एकदम अभ्यासाला काहीतरी ठोस मिळालं. योजनांचा लाभ हवा तर मागच्या आर्थिक वर्षात एका ॲपवर निदान ९० दिवस काम झालेलं हवं, एकापेक्षा जास्त ॲपांवर चालत असाल तर १२० दिवस. ज्या दिवशी काही कमाई झाली तो दिवस धरायचा, मग ती कितीही असो. एकाच दिवशी तीन ॲपांवर काम केलं तर ते तीन दिवस धरायचे. हे वाचून टपरीवर मोठी खळबळ. एकाने हिशोब केला की त्याचं वर्ष सव्वा चारशे दिवसांचं भरतंय. साठीनंतर लाभ नाही. माझ्याकडे बारा वर्षं आहेत म्हणायची. मसुद्यातल्या सगळ्या अटींमध्ये मला हीच एक गोष्ट तोंडी हिशोबात जमली.

नोंदणीसाठी ई-श्रम पोर्टल. २०२१ पासून आहे. २०२५ च्या अर्थसंकल्पात गिग कामगारांना ओळखपत्र, ई-श्रमवर नोंद आणि प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेचं कवच देण्याची घोषणा झाली होती. म्हणजे दवाखान्यात दाखल झालात तर कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार. नोंदणी झाली की बारा आकडी यूएएन मिळतो. मला हसू आलं, कारण यूएएन माझ्याकडे होताच, तोही बारा आकडी! ॲपवर मी तो ऐटीत भरला. चालेना. परत भरला. टपरीवरच्या सगळ्यांनी आळीपाळीने माझ्या फोनवर तोच नंबर टाकून पाहिला. शेवटी सीएससी केंद्रातली मुलगी म्हणाली, “काकू, हा पीएफचा यूएएन आहे. ई-श्रमचा वेगळा.” मग ओटीपी येईना, कारण आधारला जोडलेला मोबाइल नंबर जुन्या ऑफिसच्या सिमचा, आणि ते सिम ऑफिसबरोबर गेलेलं. आधी आधार केंद्र, मग तिथली रांग, मग पुन्हा इथे. नंबर हातात आला तेव्हा मी तो वहीच्या पहिल्या पानावर लिहिला आणि कंसात लिहिलं : पीएफचा नाही.

आता दिवस मोजायला लागले. ॲपमध्ये कमाई मागच्या काही आठवड्यांचीच दिसते, त्याआधीचं पान सरकतच नाही. उद्या कुणी विचारलं की नव्वद कुठायत, तर दाखवायला काहीतरी हवं. आप्पांनी वहीला रकाने आखून दिले : तारीख, सुरुवात, शेवट, किती ऑर्डरी, किती रुपये. त्यांच्या हिशोबाने त्यात ‘मुकादमाची सही’ असाही रकाना होता, तो रिकामाच राहतो. पोरं आधी हसली. मग एकेकजण विचारायला लागला की मावशी, वही कुठे मिळते. आता कुणाचं ओटीपीचं अडलं, यूएएनचं अडलं की माझ्याकडे पाठवतात. मला येत नाही तिथे मी चष्मा पुसते, तेवढ्यात कुणीतरी दुसरा सांगतो.

परवा एक नवा पोरगा आला. बिहारचा, वीस-एकवीसचा असेल. त्याला नव्वद दिवसांचं कळलं होतं. तो दुसऱ्याच्या आयडीवर चालवतो. आयडी ज्याचा आहे तो गावी गेलाय, कमाई त्याच्या खात्यात पडते, तो आपला हिस्सा कापून बाकीची याला पाठवतो. असे बरेच आहेत, मला माहीत नव्हतं इतकंच. “तो मेरे दिन किसके नाम पे लगेंगे?” त्याने विचारलं. मी वही उघडली, मसुदा उघडला, वरखाली केला. आयडी ज्याचा, त्याच्या नावावर, असं सांगितलं. पोरगा म्हणाला, पाच टक्का भी उसी को? ते सगळ्यांच्या निधीत, पण लाभ त्यालाच, म्हणाले. त्याची ऑर्डर पडली, तो गेला.

संध्याकाळी हे आप्पांना सांगितलं. वाटलं, बोर्डात असलं काही चालत नव्हतं, असं ते ठणकावून सांगतील. ते म्हणाले, नोंद व्हायच्या आधी त्यांनी स्वतः बदलीवर गोण्या वाहिल्या होत्या. टोळीत नाव एकाचं, तो गावी शेती बघायचा, आणि त्याच्या नंबरावर पाठ आप्पांची. मजुरीतला वाटा आप्पांना मिळायचा, पीएफ-ग्रॅच्युइटी नंबराला.

“किती वर्षं, आप्पा?”

“झाली थोडी.”

“आणि तो पीएफ?”

“काढला की त्यानं. थोरलीच्या लग्नाला,” आप्पा म्हणाले. “आपण सगळे जेवून आलो नव्हतो का? तू जिलबी मागून घेतलीस दोनदा.”